जिभाऊ, बेटावर गाडी जात नाही

पिंपळनेरला सहलीचा विषय निघाला की पहिला प्रश्न 'कुठे जायचं' हा नसतो, 'गाडी कोणाची सांगायची' हा असतो. ठिकाण मागाहून ठरतं आणि बहुतेक वेळा ते गाडीवालाच ठरवतो. "सापुताऱ्याला सध्या काही नाही, वणीला चला, तिथं पार्किंगवाला आपला आहे," असं तो म्हणाला की सापुताऱ्यासाठी घेतलेले गॉगल सप्तशृंगीच्या पायऱ्या चढतात. मांगी-तुंगी, शिर्डी, त्र्यंबकेश्वर, फार तर केवडियाचा सरदार पटेलांचा पुतळा, एवढी आमची पृथ्वी. क्रूझरनं पहाटे निघून रात्री उशिरा परत येता येतं, तिथं ती संपते.

गाडीत बसण्याची घटनाही ठरलेली आहे. पुढची सीट जिभाऊंची. जिभाऊ म्हणजे घरातले थोरले. त्यांना रस्ता माहीत असतो असं नाही, पण वळण आलं की ड्रायव्हरच्या आधी "डावीकडे घे" म्हणण्याचा हक्क त्यांचा. मधल्या सीटवर बायका, त्यांच्या मांडीवर दशम्यांचा डबा, लसणाची चटणी आणि पाण्याचा जार. मागच्या आडव्या सीटवर मुलं. शेलबारीच्या घाटात ज्यांना मळमळतं त्यांना मुद्दाम मागच्या दाराशी बसवतात. टपावर ताडपत्रीखाली गॅसची शेगडी, तेलाचा डबा, सतरंजी, चार गाद्या आणि एक रिकामी गोणी. गोणी कशासाठी, हे येताना रस्त्यात कोबी स्वस्त दिसला की कळतं.

अशा घरात, पुण्याला नोकरी करणाऱ्या भाच्यानं ग्रुपवर निळ्याशार पाण्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "या दिवाळीत बेटावर?" अंगठ्यांचा पाऊस पडला. जिभाऊंचा अंगठा काही आला नाही. त्यांचा फोन आला.

"गाडी सांगी का?"

"जिभाऊ, बेट आहे. चहूबाजूंनी पाणी. गाडी जात नाही."

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग, "मंग तठे फिरशात कशावर?"

दिवाळीपर्यंत आमच्या ओट्यावर याशिवाय दुसरा विषय निघाला नाही. कांद्याचा भाव पडला, चढला, पुन्हा पडला, तरी ओट्यावर चर्चा बेटाची.

आधी बेटच का, यावर खल झाला. आमच्या गावाला पाण्याचं तसं काही कमी नाही. गावातून पांझरा वाहते, वर लाटीपाड्याचं धरण आहे. पांझरेचं पाणी बंधारे घालून पाटानं आळीपाळीनं शेतांना देण्याची फड पद्धत या खोऱ्यात शतकांपासून चालत आली. त्यामुळे पाण्याकडे बघत बसण्यासाठी पैसे खर्च करायचे, ही कल्पना इथल्या माणसाला पटायला जड जाते. शेजारचे नाना तर सरळ म्हणाले, "पानीच देखनं शे ना? लाटीपाडाले जा. तठे बी पानीच शे." पाणी बघताना त्याच्यावर मालकी कुणाची, पाळी कुणाची, असा विचार ज्याच्या डोक्यात येतो, त्याला समुद्र म्हणजे नियोजनशून्य कारभार वाटतो.

मग कोणतं बेट. जिभाऊंनी पहिली सूचना मांडली, "मुंबई बी बेटच शे." ऐतिहासिकदृष्ट्या बिनचूक. माहीम, परळ, वरळी, माझगाव अशी सात बेटं भराव घालून जोडली, त्यांची ती मुंबई. गाडी लागत नाही, लोकल आहे, भाड्याच्या खोलीऐवजी मामाचं घर आहे. पण संध्याकाळी दादरला पुलावर उभं राहून आपण उष्ण कटिबंधातल्या बेटावर सुट्टीला आलो आहोत, असं मनाला पटवण्याइतकी कल्पनाशक्ती घरात फक्त धाकट्या नातवाकडे निघाली.

दुसरं नाव दीवचं आलं. हे घरातल्या पुरुषांनी सुचवलं आणि फारच एकमतानं सुचवलं. गुजरातमध्ये दारूबंदी आहे आणि दीव केंद्रशासित आहे, हा भूगोल आमच्याकडे शाळेत कच्चा राहिला तरी पुढे पक्का होतो. बायकांनी त्याच भूगोलाच्या आधारे ते फेटाळलं. शिवाय दीवला पूल आहेत. पूल आला म्हणजे गाडी आली, गाडी आली म्हणजे ड्रायव्हर आला, आणि दीवमध्ये रात्री ड्रायव्हर शोधत फिरण्याची जबाबदारी कुणीच घेईना.

लक्षद्वीपचा फोटो सर्वांत देखणा होता. पण तिथं जायला भारतीयांनाही परवाना लागतो, विमान उतरतं ते अगत्तीला, जहाज सुटतं ते कोचीहून. सगळ्या बेटांची मिळून जमीन बत्तीस चौरस किलोमीटर. जिभाऊंनी आपल्या मनात तिथं क्रूझर नेऊन पाहिली आणि वळवायला जागा मिळेना म्हणून नकार दिला.

मॉरिशसचा प्रस्ताव धाकट्या सुनेचा. तिथं मराठी माणसं आहेत, हा तिचा मुद्दा. खरंच आहेत. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्या कुटुंबांचे वंशज आजही तिथं स्वतःला मराठी म्हणवतात आणि गणेश चतुर्थीला तिथं सार्वजनिक सुट्टी असते. बिनगाडीच्या माणसाला तर तो देश फार सोयीचा. गावोगाव बस जाते आणि जानेवारी २०२० पासून पोर्ट लुईहून मेट्रोही धावते. सगळं जमलं होतं. अडलं ते पासपोर्टवर. घरातल्या निम्म्या माणसांची आधार कार्डावरची जन्मतारीख एक जूनची आहे, कारण शाळेत घालताना गुरुजींनी सगळ्यांची तीच लिहिली. एकाच आईची इतकी मुलं वेगवेगळ्या वर्षी एकाच तारखेला कशी, हे साहेबापुढे कोण समजावणार? मॉरिशस पुढच्या दिवाळीवर गेलं.

राहिलं अंदमान. आठशेच्या वर बेटं, त्यांतली वस्ती असलेली जेमतेम तीसेक. पासपोर्ट नको, हिंदी चालते, आणि सावरकरांची कोठडी बघायची हे आईचं जुनं मागणं. कोठडीचं नाव निघाल्यावर नानांनाही लाटीपाडा पुढे करता येईना.

ठिकाण ठरल्यावर भाच्यानं एका प्रवास कंपनीकडून आराखडा मागवला. तो ओट्यावर मोठ्यानं वाचण्यात आला. त्यात 'प्रायव्हेट गाडी' हे शब्द इतक्या वेळा आले की जिभाऊंचा चेहरा उजळला. "दखा, गाडी शे ना!" मग हिशेब सुरू झाला. विमानतळ ते हॉटेल गाडी. हॉटेल ते सेल्युलर जेल गाडी. जेल ते धक्का गाडी. धक्क्यावर गाडी सोडायची, बोटीत बसायचं, पुढच्या बेटावर उतरायचं, तिथं दुसरी गाडी. तिसऱ्या बेटावर तिसरी. गाडीला पोहता येत नाही, म्हणून दर बेटाला वेगळी गाडी आणि वेगळा ड्रायव्हर.

जिभाऊंना हे खर्चापेक्षा भावनिकदृष्ट्या सहन झालं नाही. आमच्याकडे गाडी सांगणं म्हणजे एक माणूस घरात घेणं. त्याला आपल्यातलं जेवण, त्याच्या मुलीच्या शाळेची चौकशी, परत आल्यावर निघताना शर्टाचं कापड. दर बेटाला नवा ड्रायव्हर म्हणजे दर बेटाला नव्यानं आपली शेती किती, मुलं कुठे, जावई काय करतो, हे सगळं सांगणं आलं. तीन बेटांत जिभाऊंचा घसाच बसला असता.

नकाशा पाहिल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. पोर्ट ब्लेअरचा अॅबर्डीन बाजार, तिथलं घंटाघर, सेल्युलर जेल आणि जेलच्या पायथ्याला असलेला बोटींचा धक्का, ही सगळी ठिकाणं चालत जाण्यासारख्या अंतरावर आहेत. पिंपळनेरात आम्ही बाजाराच्या दिवशी गाडी गावाबाहेर लावून याहून जास्त चालतो. आराखड्यात मात्र एवढ्यासाठीही 'आरामदायी गाडी' होती. गाडीत बसायला, सगळे बसले का मोजायला आणि एकाची राहिलेली चप्पल आणायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात आई पायी जेलच्या दारात पोहोचली असती.

इथून पुढे नियोजनाची सूत्रं अक्काकडे गेली.

अक्का म्हणजे जिभाऊंची थोरली बहीण. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धं तिकीट झालं आणि तेव्हापासून अक्का घरी सापडत नाही. तिच्या मते ज्या गावी अर्ध्या तिकिटात जाता येतं तिथं न जाणं म्हणजे उरलेल्या अर्ध्याचं नुकसान. पंच्याहत्तरी झाली की पूर्ण तिकीट माफ, हे ठाऊक असल्यामुळे वय वाढल्याचं दुःख न होणारी खानदेशातली ती एकमेव बाई असावी. महाराष्ट्राची हद्द संपली की सवलत संपते, म्हणून अंदमानबद्दल तिचं मत सुरुवातीला थंडच होतं. पण गाडी नाही म्हटल्यावर तिचे डोळे चमकले. तिनं विचारलेला पहिला प्रश्न आराखडा करणाऱ्या कुठल्याच कंपनीला सुचला नव्हता.

"शेवटनी बस कितला वाजता शे?"

बिनगाडीच्या सहलीचं सगळं शास्त्र या प्रश्नात आहे. पहिली बस चुकली तर दुसरी मिळते. शेवटची चुकली की माणूस तत्त्वज्ञ होतो. साक्रीहून येणारी रात्रीची गाडी आणि चरणमाळ घाटाकडची मुक्कामी गाडी यांच्या भरवशावर ज्यांनी कॉलेज पूर्ण केलं, लग्नं लावली, त्यांना हे शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते गाडीवाल्यांना.

अक्काच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना सूर्याचा प्रश्न उपटला. अंदमानला घड्याळ आपलंच, सूर्य मात्र आधीचा. पिंपळनेर साधारण चौऱ्याहत्तर रेखांशावर, पोर्ट ब्लेअर ब्याण्णवच्या पुढे. एका रेखांशाला चार मिनिटं धरली तर तिथला सूर्य आपल्यापेक्षा सुमारे सव्वा तास आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. हिवाळ्यात तर पाच वाजून गेले की संध्याकाळ आटोपते. शहरातला पाहुणा नऊला उठून, अकराला नाश्ता करून, दुपारी बाहेर पडतो आणि समुद्रापाशी पोहोचतो तोवर अंधार. मग गाडी लागतेच. आमच्याकडे पहाटे चारला मोटर चालू करायला उठणारी माणसं. रात्रीच्या पाळीची वीज आल्यावर शेताला पाणी भरणाऱ्याला सकाळी सहाची बस पकडणं म्हणजे उशिरा उठणं. वीज मंडळानं इतकी वर्षं नकळत आमच्याकडून अंदमानचा सराव करून घेतला होता.

मार्ग अक्कानं आखला. पिंपळनेरहून एस.टी.नं नंदुरबार. तिथून अहमदाबाद-चेन्नई नवजीवन एक्स्प्रेस, जी आपल्या खानदेशातून, जळगाव-भुसावळ करत थेट चेन्नईला नेते. चेन्नईहून विमानानं दोन-सव्वादोन तास. नाशिक-मुंबई करून थेट विमानानं जाण्याचाही मार्ग होता, पण नवजीवनमध्ये डबा उघडून जेवता येतं, हा मुद्दा निर्णायक ठरला.

नानांनी जहाजाची बाजू लावून धरली. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून पोर्ट ब्लेअरला सरकारी जहाजं जातात. साधारण बाराशे किलोमीटर समुद्र, तीन दिवसांचा प्रवास, सामानाची चिंता नाही. "तेलना डबा बी लई जाता यी," हे त्यांचं मुख्य आकर्षण. पण समुद्र खवळला तर शेलबारीचा घाट तीन दिवस चालू राहणार, हे ऐकल्यावर मागच्या सीटवरच्या मंडळींनी विमानाला मत दिलं.

विमान म्हटलं की सामान आलं. माणशी पंधरा किलो पोटात आणि सात किलो हातात. अक्कानं वजनकाटा ओट्यावर आणला आणि घरातल्या बायकांची खरी परीक्षा सुरू झाली. शेगडी पहिल्याच फेरीत बाद. गाद्या बाद. सतरंजीवर बराच वाद होऊन ती बाद. दादर ज्वारीचं पीठ आणि कळण्याचं पीठ यांच्यात निवड करायची वेळ आली तेव्हा थोरल्या वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवभाजीचा मसाला मात्र कुणाच्या बॅगेत टाकायचा यावर चढाओढ झाली, कारण अंदमानला मासे चांगले मिळतात आणि आमच्या घरातली माळकरी मंडळी माशाच्या वासानंच गाव सोडतात. मसाला असला की शेव कुठेही मिळते, हा खानदेशी माणसाचा जगाबद्दलचा मूलभूत विश्वास आहे.

या काट्यावर एक सत्य उघडं पडलं. इतकी वर्षं आम्ही गाडी करत होतो ती माणसांसाठी नव्हे, सामानासाठी. माणसं फक्त सामानाची राखण करायला बरोबर जात होती.

बेटांवरचा कार्यक्रम बसवणं त्यानंतर सोपं गेलं. पोर्ट ब्लेअरचं बसस्थानक मोहनपुऱ्यात, अॅबर्डीन बाजाराच्या पायथ्याशी. तिथून वंडूरला बस जाते, चिडिया टापूला जाते. वंडूर हे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाचं दार. जॉली बॉयसारख्या बेटांवरची प्रवाळं बघायला बोटी तिथून सुटतात आणि तिथं प्लॅस्टिक नेऊ देत नाहीत. अक्काला ही अट फार आवडली, कारण त्यामुळे थोरल्या वहिनींच्या पिशवीतल्या पिशवीतली पिशवी धक्क्यावरच राहणार होती. रॉस बेटावर, म्हणजे आताच्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर, जेलच्या खालच्या धक्क्यावरून बोट जाते. इंग्रजांच्या कारभाराचे अवशेष, हरणं आणि मोर. बेट एवढं लहान की तिथं गाडी मागणाऱ्याला लोक हसतील.

सगळ्यांना हवं होतं ते हॅवलॉक. आता त्याचं नाव स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप. ही नावं डिसेंबर २०१८ मध्ये बदलली, पोर्ट ब्लेअरचंही २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. तिकिटावर नवं नाव आणि धक्क्यावर जुनी हाक, असं दोन्ही ऐकू येतं, तेव्हा दोन्ही पाठ ठेवावीत. हॅवलॉकला सरकारी बोट आहे, खाजगी वेगवान बोटीही आहेत. सरकारी स्वस्त आणि सावकाश, शिवाय तिची तिकिटं लवकर संपतात. तिथल्या समुद्रकिनाऱ्यांना नंबर आहेत. सात नंबरचा किनारा म्हणजे राधानगर. २००४ साली 'टाइम' साप्ताहिकानं त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं आणि तेव्हापासून तिथं फोटो काढणाऱ्यांची रांग मोडली नाही. धक्क्यापासून राधानगर बारा-एक किलोमीटर, सरकारी बस जाते, फेऱ्या मात्र मोजक्या. भाच्यानं भाड्याची स्कूटर सुचवली. जिभाऊ म्हणाले, "मंग गाडीच झायी ना." अक्कानं बसच कायम ठेवली, कारण स्कूटरवर मागे बसून वाळूच्या रस्त्यानं जाण्यापेक्षा खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं तिला जास्त सुरक्षित वाटतं.

नील बेट सर्वांना सर्वांत जवळचं वाटलं. एक तर तिथली गावं रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. पत्ता सांगताना रामायण पुरतं. दुसरं म्हणजे तिथं शेती आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना अंदमानात जमिनी देऊन वसवलं, त्यांतल्या काहींनी नीलवर मळे फुलवले, आणि आजही तिथला भाजीपाला पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जातो. जिभाऊंना प्रथमच सहलीत रस वाटला. "तठे कांदा व्हस का?" असं त्यांनी विचारलं. त्या बेटावर सायकली भाड्यानं मिळतात, रस्ते सपाट आहेत, आणि या टोकाहून त्या टोकाला जायला पाच-सात किलोमीटर. जिभाऊंनी लहानपणी समोड्याला सायकलवर दुधाच्या किटल्या वाहिलेल्या. तीच सायकल, किटल्या नाहीत आणि डाव्या हाताला समुद्र, एवढाच फरक.

बाराटांगवर मात्र ओट्यावर गंभीर बोलणं झालं. चुनखडीच्या गुहा बघायला पोर्ट ब्लेअरहून पहाटे बस निघते. जिरकाटांगच्या चौकीपाशी सगळी वाहनं थांबतात आणि ठरलेल्या वेळी ताफ्यानं जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून पार होतात. मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, खायला द्यायचं नाही. तरी कित्येक पर्यटक या रस्त्यावर गुहांसाठी नव्हे, माणसं दिसतील म्हणून जातात. आमच्या साक्री तालुक्याचा पश्चिम भाग कोकणी, भिल्ल, मावची लोकांचा. शहरातले लोक येतात, घोंगडी पांघरलेल्या म्हातारीला न विचारता कॅमेरा लावतात, ते आम्ही बघत आलोय. आई म्हणाली, "आपण नको जाऊ त्या वाटेनं." कार्यक्रमातून बाराटांग गेलं, आणि त्यावर कुणी दुसऱ्यांदा बोललं नाही.

जेलसाठी आईनं अख्खी सकाळ मागून घेतली. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या त्या तुरुंगाला मधल्या मनोऱ्यापासून फुटणारे सात हात होते. आज तीन उरलेत, पाडलेल्या भागाच्या जागेवर सरकारी रुग्णालय आहे. आमच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या भगूरचे सावरकर १९११ साली तिथं पोहोचले, थोरले भाऊ बाबाराव आधीपासून त्याच भिंतींच्या आत. कोलूला जुंपून खोबरेल काढून घेत, दिवसाला तीस पौंड. ते सगळं भाच्यानं वाचून दाखवल्यावर ओटा गप्प झाला. 'आरामदायी गाडीनं जेलदर्शन' ही ओळ आराखड्यात कुणाला सुचली असेल, असा प्रश्न नानांना पडला. त्यांनी पेननं ती खोडली आणि बाजूला लिहिलं, 'पायी'.

आता आक्षेप. पहिला गुडघ्यांचा. ज्यांचे गुडघे खरोखर दुखतात त्यांच्यासाठी पोर्ट ब्लेअरला ऑटो आहेत. भाडं आधी ठरवावं लागतं, आणि काळी-पिवळीत दहाव्या माणसाच्या भाड्यात सूट मागणाऱ्या आमच्या घरातल्या बायकांपुढे कुठलाही ऑटोवाला फार वेळ टिकणार नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. बसनं जागा कमी बघून होतात, हे खरं आहे. पण गाडीच्या सहलीत आम्ही जागा बघतो कधी? गाडी थांबते, ड्रायव्हर म्हणतो "अर्धा तास," त्यांतला पाव तास चहात जातो, उरलेला कोण हरवलं ते शोधण्यात.

तिसरा आणि खरा आक्षेप इभ्रतीचा. एवढ्या लांब जाऊन बसनं फिरले, हे गावात कळलं तर? "विमानाले पैसा व्हतात, गाडीले नव्हतात का?" हे वाक्य सोसायटीच्या ओट्यावर कोण म्हणेल, कोणत्या आवाजात म्हणेल, हेही जिभाऊंना माहीत होतं. खानदेशात प्रवास दोनदा होतो, एकदा रस्त्यावर आणि एकदा परत आल्यावर पारावर, आणि पारावरचा जास्त महाग पडतो. यावर अक्कानं तोडगा काढला. गाडीचे वाचलेले पैसे आणायचे आणि त्यांत अख्ख्या गल्लीला खापरावरची पुरणपोळी घालायची. तोंड भरलेलं असलं की बसचा विषय निघत नाही.

एवढं सगळं ठरल्यावर अडचण राहिली ती तारखेची. दिवाळीत मक्याची काढणी, मग लाल कांदा, मग लग्नं, मग खरिपाची तयारी. अंदमानचा चांगला हंगाम ऑक्टोबर ते मे, आणि आमच्या घरात हात रिकामे होतात ते पेरण्या उरकल्यावर, भर पावसाळ्यात, जेव्हा तिथंही पाऊस आणि खवळलेला समुद्र. तारीख शेवटी अक्कानंच काढली, जानेवारीतली, दोन लग्नांच्या मधली. त्यांतल्या एका लग्नाला आहेर पाठवून मोकळं व्हायचं. नवरदेवाकडच्यांना कारण काय सांगायचं, हे अजून ठरलेलं नाही.

तुमच्याही घरात बेटाचं चाललं असेल तर चार गोष्टी सांगून ठेवतो. बोटीचं तिकीट आधी काढा, हॉटेल नंतर. हॉटेल समुद्राजवळ नसलं तरी चालेल, बसथांब्याजवळ असू द्या. शेवटच्या बसची वेळ तिघांना विचारा आणि त्यांतली सर्वांत आधीची खरी माना. आणि जी बॅग स्वतःला उचलता येत नाही ती घरी ठेवा. ती राहिली की गाडीही लागणार नाही.